झुंबरअण्णांच्या दमाची परीक्षा

झुंबरअण्णा खैरनारांच्या शिट्टीला अर्धा नाशिक जिल्हा वचकून असतो. हे कुणालाही विचारा. कुणी नाही म्हणालं, तर थेट अण्णांनाच विचारा. ते स्वतः सांगतील, आणि चहा पाजून सांगतील.

कबड्डीचा पंच म्हणून अण्णांची उभी हयात गेली. येवल्याच्या मैदानापासून सुरगाण्याच्या डोंगरातल्या खळ्यापर्यंत जिथे जिथे चुन्याच्या रेघा पडल्या, तिथे तिथे अण्णा पांढरा शर्ट खोचून हजर. पोटापाण्यासाठी नाशकात द्वारका चौकात ताडपत्र्यांचं दुकान होतं, पण ते आपलं जोडधंदा म्हणून. मूळ धंदा शिट्टीचा, असं ते गिऱ्हाइकालाही बजावायचे. दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम बोलायला लागली, की अण्णा शिट्टी फुंकून एकाला तळहाताने थोपवायचे आणि दुसऱ्याला बोलायची परवानगी द्यायचे. बाहेर चौकात एखादा ट्रकवाला उगाचच ब्रेक मारायचा, तो भाग वेगळा. शिट्टी गळ्यातून कधी उतरत नसे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्टुडिओत जाऊन फोटो काढला, त्यात आशावहिनींच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आणि अण्णांच्या गळ्यात शिट्टी.

असा हा वाघ एकाच माणसापुढे शेळी व्हायचा. ते म्हणजे त्यांचे सासरे, नामपूरचे धोंडीराम आप्पा. कांद्याचे जुने व्यापारी, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं आणि ते सगळं अहिराणीत. दर दिवाळीला जावई ओवाळणीच्या पाटावर बसला, की आप्पा त्याला न चुकता तोच प्रश्न विचारायचे.

"जवाईबापू, तुम्ही खेळतस नई, मंग तुम्हनं काम काय शे?"

अण्णा मग चढाई म्हणजे काय, दम म्हणजे काय, पंच नसला तर खेळाची कशी भाजीमंडई होईल, हे सगळं तळमळून सांगायचे. आप्पा शांतपणे ऐकायचे, तंबाखू मळायचे आणि शेवटी यंदा कांद्याला भाव काय फुटेल याच्यावर यायचे. अण्णांच्या काळजात ती कळ वर्षभर राहायची. बाकी साऱ्या जगाने मान दिला काय अन् नाही दिला काय. या एका म्हाताऱ्याने एकदा तरी म्हणावं, की जावयाचं काम कामासारखं आहे, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि ती संधी चालून आली. कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सगळ्या नाशकाचे रस्ते खोदून ठेवलेले, आणि त्यातच कबड्डीची राज्य स्पर्धा नाशकाला मिळाली. यजमान जिल्ह्याच्या एका पंचाला अंतिम सामना द्यायचा, असा रिवाज. तो पंच कोण, हे जिल्हा संघटनेने अजून ठरवलं नव्हतं. अण्णांनी मात्र ठरवून टाकलं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी नामपूरला फोन लावला.

"आप्पा, फायनलला तुम्ही यायचंच. मैदानाच्या मधोमध कोण उभं असतं, ते एकदा डोळ्यांनी बघा."

आप्पा येतो म्हणाले. एकटे नाही, जीप करून. मळ्यातले, भावकीतले, जेवढे मावतील तेवढे.

फोन ठेवला आणि तिसऱ्याच दिवशी संघटनेने नवा नियम काढला, की यापुढे पंचांनाही दम असला पाहिजे. राज्य स्पर्धेत उभं राहायचं असेल, तर आधी पळून दाखवा. मैदानाला ठरलेल्या फेऱ्या, ठरलेल्या वेळात. जो पास होईल त्याचाच विचार होणार, आणि पास झालेल्यांत जो ज्येष्ठ, त्याला अंतिम सामना.

अण्णांना आधी हा विनोदच वाटला. पळायचं ते खेळाडूंनी. पंच जागेवर उभा राहून मोठा होतो, असं त्यांचं तत्त्व होतं आणि त्या तत्त्वाप्रमाणे ते बऱ्यापैकी मोठे झालेही होते. पॅन्ट पोटाच्या वरून घालायची की खालून, हा निर्णय त्यांना रोज सकाळी आरशासमोर घ्यावा लागे, आणि रोज तो वेगळा लागे. पण ज्येष्ठ म्हणजे कोण, याचा त्यांनी विचार केला. त्यांच्याहून ज्येष्ठ एकटे निफाडचे कोंडाजी, ते काही पळणार नाहीत. म्हणजे आपण नुसतं धापा टाकत का होईना शेवटपर्यंत पोचलो, की फायनल आपली. हिशेब सोपा होता.

घरात वैष्णवी होती. अण्णांची लेक, शारीरिक शिक्षणाच्या पदवीला. तिने बापाला ताब्यात घेतलं. तिचं शास्त्र साधं होतं. पळायच्या आधी अंग मोकळं करायचं, सकाळी उठून भरपेट खायचं नाही, पाणी घोट घोट प्यायचं आणि मुख्य म्हणजे पहिल्या फेरीत शेपटीला आग लागल्यासारखं सुटायचं नाही. पळता पळता शेजारच्याशी दोन शब्द बोलता आले, तर वेग बरोबर. बोलता येईना, तर हळू व्हायचं.

"बोलता आलं पाहिजे" हे अण्णांना फार पटलं. बोलायची त्यांना कधीच अडचण नव्हती.

पहिल्या दिवशी गोल्फ क्लबच्या मैदानावर बाप-लेक भल्या सकाळी पोचले. वैष्णवीने हातपाय हलवून दाखवले, अण्णांनी ते हलवून पाहिले आणि मग त्यांच्यातला कबड्डीवाला जागा झाला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा दम मोजला, तो स्वतः श्वास घेत घेत पळणार? शक्य नाही. छाती भरून त्यांनी दम धरला आणि "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" म्हणत सुटले ते एका दमात. फेरी पुरी व्हायच्या आधीच त्यांचा आवाज बारीक झाला, मग चेहरा जांभळा झाला आणि फाटकाजवळच्या लिंबू सरबतवाल्याच्या बाकड्यावर ते आडवे झाले. सरबतवाला बिचारा घाबरून वारा घालायला लागला.

"पप्पा, श्वास घ्यायचा असतो," वैष्णवी म्हणाली. "इथे दम सुटला म्हणून कुणी बाद करत नाही."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा श्वास घेऊन पळू लागले. पण गळ्यात शिट्टी होती ना! गोल्फ क्लबला सकाळी सगळं गाव फिरायला येतं. कुणी उलट्या दिशेने चालतं, कुणी चौघं चौघं हातात हात घालून रस्ता अडवतं, कुणी मध्येच थांबून सुनेच्या तक्रारी सांगतं. अण्णांना हे कसं बघवावं? दर वळणावर शिट्टी वाजायची. उलट चालणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना त्यांनी तीनदा ताकीद दिली आणि चौथ्यांदा मैदानाबाहेर काढलं. मास्तर निमूट गेलेही. हास्य क्लबवाल्यांना तर त्यांनी हसण्याचा ओव्हरटाइम होतोय म्हणून मध्येच थांबवलं. पळणं राहिलं बाजूला, मैदानाला शिस्त मात्र लागली.

शेवटी वैष्णवीने सकाळपुरती शिट्टी काढून घेतली. आणि गंमत बघा, शिट्टी गेल्यावर अण्णा खरंच पळायला लागले. आधी अर्धी फेरी, मग एक, मग दोन. पोट थोडं आत गेलं, आशावहिनींना पॅन्टचा हूक सरकवावा लागला. महिन्याभरात अण्णा गप्पा मारत मारत सगळ्या फेऱ्या पुऱ्या करू लागले. उगाच नाही सांगत, त्या वयात ती मोठीच गोष्ट होती, आणि त्यांना तिचा अभिमान वाटला तर त्यात काही वावगं नव्हतं. त्यांनी नामपूरला पुन्हा फोन केला आणि जीप पक्की करायला सांगितलं.

चाचणीचा दिवस आला. शनिवार, सकाळची वेळ. मैदान नाशिक रोडकडच्या एका हायस्कुलाचं. वैष्णवी म्हणाली, पप्पा, शिट्टी घरी ठेवा. अण्णा म्हणाले, पंचांच्या परीक्षेला पंचाने शिट्टीशिवाय जायचं म्हणजे वरातीला नवऱ्याने मुंडावळ्यांशिवाय जायचं. आणि शिट्टी गळ्यात घालून ते निघाले.

मैदानावर जिल्हाभरचे पंच गोळा झाले होते. काय एकेक देह! कुणाचं पोट पुढे, कुणाचे गुडघे बाहेर, आणि झाडून सगळ्यांच्या गळ्यात शिट्ट्या. सुरगाण्याहून मंगळू आला होता. काटक माणूस, पहाटेच्या जीपला लोंबकळत आलेला. सातपूरचा संतोष आला होता. हा संतोष म्हणजे नव्या दमाचा पंच, जिममध्ये जाणारा, रेघांची ट्रॅकपॅन्ट घालणारा. अण्णांना आता खुर्चीत बसवून शिट्टी द्यावी, असं तो चहाच्या टपरीवर बोलल्याचं अण्णांच्या कानावर आलं होतं. त्यामुळे अण्णांची त्याच्यावर बारीक नजर होती.

आणि निफाडचे कोंडाजीही आले होते! अण्णांना आश्चर्यच वाटलं. कोंडाजी सगळ्यांत वडीलधारे. त्यांना ऐकायला कमी येतं हे साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं, फक्त कोंडाजींना मान्य नव्हतं. चढाई करणारा "कबड्डी" म्हणतोय की नाही, हे ते त्याच्या ओठांकडे टक लावून ओळखायचे आणि कधी चुकायचे नाहीत. जत्रेत चारी बाजूंनी लोक पंचाची आई-बहीण काढायला लागले, की कोंडाजी एकटे देवासारखे शांत उभे असायचे. त्यामुळे जिल्ह्यातला सर्वांत निडर पंच म्हणून त्यांचं नाव होतं.

परीक्षा घ्यायला राज्य संघटनेकडून जयराम सर आले होते. सडपातळ माणूस, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात कर्णा. त्यांनी नियम सांगितला, की आतल्या बाजूला चुन्याची रेघ आहे, ती धरून बाहेरून पळायचं, आत शिरून अंतर वाचवायचं नाही. मग त्यांनी रुमाल खाली टाकला आणि जिल्ह्याचे पंच सुटले.

सुटले म्हणजे कसे? कांदाचाळीतून कांदे घरंगळावेत तसे. पहिल्या वळणापर्यंत सगळे तरणेबांड होते. दुसऱ्या वळणावर खिशातले रुमाल बाहेर आले. पहिली फेरी संपेपर्यंत निम्मे लोक कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघायला लागले. अण्णा मात्र लेकीने शिकवल्याप्रमाणे आपल्या चालीने निघाले होते. बोलता येईल असा वेग ठेवायचा होता, तर ते खरोखरच बोलत होते. जो मागे पडे त्याला ते जाता जाता सल्ला देत, की अंग आधी मोकळं करायचं असतं राव, न्याहारी करून यायचं नसतं. लोकांच्या अंगात उत्तर द्यायचं त्राण नव्हतं. एकेक मागे पडत होता आणि अण्णा पुढे चालले होते. कोंडाजी तर पार शेवटी, अर्धं चालत, अर्धं पळत. अण्णांनी एकदा मागे वळून बघितलं आणि मनातल्या मनात अंतिम सामन्याचा शर्ट इस्त्रीला टाकला.

शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. पुढचं वळण जरा अरुंद होतं. मंगळू तिथे रमतगमत चालला होता, अण्णा त्याच्या बाहेरून जात होते आणि मागून संतोष आला धाडधाड. त्याला वाट हवी होती. तो मंगळूच्या आतल्या बाजूने घुसला, खांद्याला खांदा घासला आणि संतोषचा डावा पाय चुन्याच्या रेघेच्या आत पडला.

अण्णांनी तो पाय बघितला.

आता तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो, पडू दे, आपल्याला काय करायचंय. पण कबड्डीच्या पंचाचं तसं नसतं. रेघ ओलांडून पाय गेलेला दिसला आणि पंच गप्प बसला, असं आजवर झालेलं नाही. भूक लागली की बाळ रडतं, त्याला कुणी शिकवतं का? अण्णांचा हात आपोआप छातीवर गेला, शिट्टी ओठांत आली आणि साऱ्या मैदानभर आवाज घुमला. फुर्रर्र!

आणि सगळे पंच जागच्या जागी थांबले.

पळणारे थांबले, चालणारे थांबले, धापा टाकणाऱ्यांनी धापा थांबवल्या. खुद्द संतोषही थांबला! शिट्टी वाजली की खेळ थांबतो, पुढे कुणी पाऊल टाकलं तर ते धरत नाहीत, हे या लोकांच्या हाडामांसात भिनलेलं. बघता बघता सगळे अण्णांभोवती गोळा झाले आणि कोण बाद, कशात बाद, असं विचारू लागले. अण्णांनी संतोषकडे बोट दाखवलं आणि हात बाहेरच्या दिशेला केला.

जयराम सर कर्ण्यातून ओरडायला लागले, की पळा, वेळ चालू आहे. कुणी ढुंकून बघितलं नाही. मैदानाबाहेरून कुणी ओरडलं तर लक्ष द्यायचं नाही, हा पंचाचा पहिला धडा. मंगळूने तेवढं नम्रपणे त्यांना समजावलं.

"साहेब, निर्णय नाय लागला, तं कसा पळायचा?"

निर्णय लागणं सोपं नव्हतं, कारण तिथे जमलेला प्रत्येक जण निर्णय देणारा होता. ऐकणारा एकही नव्हता. संतोषने तर कमालच केली. कबड्डीच्या मैदानाला दोन्ही कडांना एकेक पट्टा असतो, त्याला लॉबी म्हणतात. एरवी तिथे पाय पडला तर खेळाडू बाद. पण दोन खेळाडूंची झटापट झाली, की तोच पट्टा मैदानात धरतात. संतोष म्हणाला, माझा खांदा मंगळूच्या खांद्याला लागला, म्हणजे झटापट झाली. झटापट झाली म्हणजे लॉबी खुली. रेघेच्या आतली ही जागा माझी लॉबी. सबब मी मैदानातच आहे.

क्षणभर अण्णाही चाट पडले. मुद्दा बिनतोड होता. पोरगं आगाऊ असलं तरी नियम वाचून होतं, याचं त्यांना मनातून बरंच वाटलं. पण हार मानतील ते अण्णा कसले! त्यांनी विचारलं, झटापट समोरच्या संघाशी होते. मंगळू कुठल्या संघाचा? आता संघ कुठून आणायचे? लगेच दोन संघ पडले. नाशिक तालुका एकीकडे, डोंगरचे तालुके दुसरीकडे. मंगळू आणि संतोष यांना पुन्हा त्याच जागी उभं करून, पुन्हा खांद्याला खांदा लावून सगळा प्रकार करून बघितला गेला. मंगळूचं म्हणणं पडलं, की संतोषचा पाय आत गेला खरा, पण हवेतून गेला, भुईला टेकलाच नाही. मग पायाचा ठसा शोधायला सुरुवात झाली. ठसा सापडला. पुसट चुन्यात अर्धी टाच. जिल्ह्याचे तमाम पंच त्या टाचेभोवती उकिडवे बसले आणि ती बुटाची की चपलेची, यावर खल सुरू झाला.

तेवढ्यात जयराम सर धावत आले, गर्दीत घुसले आणि नेमके त्या ठशावर उभे राहिले.

पुरावा गेला! सगळ्या पंचांनी एकाच वेळी शिट्ट्या फुंकल्या आणि जयराम सरांना मैदानाबाहेर जायची खूण केली. असा आवाज त्या हायस्कुलाने कधी ऐकला नसेल. आणि शनिवार सकाळ म्हणजे शाळेत सामुदायिक कवायतीचा वार. वर्गात बसलेल्या पोरांना वाटलं, कवायतीची शिट्टी झाली. झालं! पाचवीपासून नववीपर्यंत सगळे वर्ग भराभरा बाहेर आले आणि शिस्तीत, एक हात अंतर घेऊन, पळण्याच्या वाटेवरच रांगा धरून उभे राहिले. एका उत्साही मास्तरांनी "सावधान" दिलं. जयराम सर कर्ण्यातून विश्राम, विश्राम म्हणत राहिले, तर पोरांनी दर वेळी पाय बदलला.

या सगळ्या धामधुमीत एकच माणूस पळत होता. कोंडाजी! त्यांना शिट्टी ऐकूच आली नव्हती. आपल्या पुढचे सगळे कुठे गेले, याचं त्यांना नवल वाटलं असेल तेवढंच. ते आपले अर्धं चालत, अर्धं पळत, पोरांच्या रांगांमधून वाट काढत निघाले होते. पोरांना वाटलं, हे कुणीतरी मोठे पाहुणे पाहणी करताहेत, म्हणून त्यांनी सलामी दिली. कोंडाजींनीही मान तुकवून ती घेतली आणि शेवटची फेरी पुरी केली. जयराम सरांनी घड्याळ दाबलं. वेळ अजून शिल्लक होती.

मग मात्र रण माजलं. सगळे नापास, कोंडाजी एकटे पास. पंच म्हणाले, चाचणी पुन्हा घ्या. जयराम सरांचा आवाज पार बसला होता. त्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि अण्णांसमोर येऊन उभे राहिले.

"शिट्टी तुम्ही मारलीत. मला एकच सांगा, त्या वेळी तुम्ही स्पर्धक होतात की पंच?"

 स्पर्धक म्हटलं असतं, तर एका स्पर्धकाच्या शिट्टीला भुलून थांबलेले सगळेच नापास झाले असते. पण एवढा विचार करायला अण्णा थांबले कुठे? असा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर त्यांना झोपेतही येत होतं. त्यांनी छाती काढली.

"पंच. मी कायम पंचच असतो."

"छान," जयराम सर म्हणाले. "मग पंचाने थांबवलेली चाचणी मी बाकीच्यांची पुन्हा घेतो. तुमची नाही. ज्या खेळात तुम्ही पंच आहात, त्यात तुम्हाला खेळता येत नाही."

 अण्णांनी मनातल्या मनात तो निर्णय उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. कुठे फट सापडेना. निर्णय अगदी बरोबर होता, आणि बरोबर निर्णयावर हुज्जत घालणाऱ्या खेळाडूंना त्यांनी आयुष्यभर बाहेर घालवलं होतं. ते गुपचूप रेघेबाहेर जाऊन उभे राहिले. त्या जागेवरून त्यांनी बाकीच्यांना पुन्हा पळताना बघितलं, आणि आत कुठेतरी फार वाईट वाटलं. कारण पळता त्यांना येत होतं हो! महिनाभर घाम गाळून आलं होतं. संतोष पास झाला, मंगळू पास झाला, आणि ज्येष्ठतेप्रमाणे अंतिम सामना कोंडाजींना गेला.

अण्णा घरी आले. चेहऱ्यावरच सगळं लिहिलेलं होतं. आशावहिनींनी पिठलं-भाकरी वाढली आणि जेवण झाल्यावर फोनकडे बोट दाखवलं. नामपूरला कळवायला हवं होतं. अण्णांनी फोन लावला. ते काही बोलायच्या आधीच तिकडून आप्पांनी सांगितलं, की जीप ठरली, मागे दोन माणसं लटकणार आहेत, आणि एवढ्या गर्दीत जावई ओळखायचा कसा, अंगात कुठल्या रंगाचे कपडे असतील?

"पांढरे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. आशावहिनींनी कपाळाला हात लावला.

अंतिम सामन्याच्या दिवशी अण्णा पांढरे कपडे घालून फाटकाशी उभे राहिले. दिलेला शब्द तेवढा तरी पाळायचा होता. जीप आली, त्यातून नामपूर उतरलं. अण्णांनी आप्पांना बाजूला घेतलं आणि यंदा आपण आत नाही, वर बसून बघणार आहोत, असं एका दमात सांगून टाकलं. आप्पांनी टोपी सारखी केली आणि ते आत चालू लागले. हसले असते तरी बरं वाटलं असतं.

सगळे जाऊन बसले. पुढच्या ओळीत अण्णा, वहिनी आणि वैष्णवी, मागच्या ओळीत आप्पा आणि त्यांची भावकी. खबरदारी म्हणून शिट्टी वहिनींच्या पर्समध्ये होती. सामना सुरू झाला. आप्पांनी नेहमीप्रमाणे तंबाखूची डबी काढली, तळहातावर चिमूट घेतली आणि मधोमध उभा असलेला तो म्हातारा कोण, असं सहज विचारलं.

अण्णांना तेवढंच पुरे होतं. ते मागे वळले आणि सुरू झाले. म्हणाले, आप्पा, खेळाडूकडे बघूच नका, त्याच्याकडे सगळेच बघतात. त्या माणसाकडे बघा. त्याची नजर बघा, चढाईवाल्याच्या ओठांवरून ढळत नाही. आता त्याचे पाय बघा. खेळाडू हलायच्या आधी तो हलतो. चौदा माणसांचे अठ्ठावीस पाय आहेत आणि त्याला सगळे माहीत आहेत. तो चुकला, तर वर्षभराची मेहनत मातीत जाते, आणि तो बरोबर असला, तर त्याला कुणी शाबास म्हणत नाही. बघा, आता हात वर करेल. कोंडाजींनी हात वर केला. आता डावीकडे सरकेल. कोंडाजी डावीकडे सरकले.

आप्पा पुढे वाकले. तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. हळूहळू नामपूरची अख्खी ओळ पुढे वाकली. त्यांना कोण कुठला संघ, कोण जिंकतंय, याच्याशी देणंघेणं उरलं नाही. अण्णा सांगत होते आणि आप्पा एकटक बघत होते. दिवाळीच्या पाटावर जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, ते अर्ध्या सामन्यात जमत होतं.

शेवटची चढाई आली. दोन्ही संघांचे गुण सारखे. चढाईवाला आत शिरला, कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा पाय धरला, दोघं फरफटत कडेच्या रेघेशी गेले आणि धुरळा उडाला. पाय आत की बाहेर?  अण्णांना राहवलं नाही. ते ताडकन उठून उभे राहिले आणि त्यांचा हात छातीवर गेला.

मागून कुणीतरी त्यांचा शर्ट धरून खाली ओढला. अण्णांनी वळून बघितलं. आप्पा होते. मान वाकडी करून, अण्णांच्या कमरेच्या बाजूने मैदानात बघायची धडपड चालली होती.

"जवाईबापू, खाले बठा," आप्पा म्हणाले. "पंच दिखत नई."

अण्णा निमूट खाली बसले.